बधिर गाल

"अगं, मी आलोय! कधीचा हाका मारतोय."

बायकोनं वळून बघितलं नाही. मोबाईल छातीशी धरून ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं नातीचं तोंड कुशीत दाबून धरलं.

टेबलावर आईचा मोबाईल होता. त्यावर कारखान्यातल्या स्फोटाची बातमी, आणि मृतांमध्ये त्याचा फोटो.

दाढ काढायला सुट्टी मिळेना, म्हणून त्याचं हजेरीचं कार्ड आज दोस्तानं लावलं होतं. कारखान्यात सगळेच हे करायचे; आज तू माझं, उद्या मी तुझं. म्हणजे दोस्त गेला. त्याला रडू कोसळलं.

"मी आत नव्हतोच! दवाखान्यात होतो. फोनही बंद पडलाय." जबडा बधिर होता, शब्द बोबडे येत होते.

कुणी हूं की चूं केलं नाही.

मग त्याच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरनं सुई टोचली आणि त्याची शुद्ध हरपली होती. जाग आली तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर सगळे मोबाईलला चिकटलेले. त्याला कुणी हटकलं नाही. बसमध्येही कुणी मान वर केली नव्हती.

त्यानं गालाला कडकडून चिमटा काढला. काहीच कळलं नाही. पेला उचलून फरशीवर आपटला. तिघी दचकल्या, पण नजर एकीचीही वळली नाही. संशय एकदा घरात घुसला की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात.

"आई, तू तरी बोल गं."

आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. बघत होती ती भिंतीकडेच.

म्हणजे दाढ काढता काढता आपणही गेलो. वाईट वाटलं, फार वाईट. लेकीच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण धीर झाला नाही. हात आरपार गेला तर?

तो जिना उतरला. रस्त्यावर गाड्या भरधाव धावत होत्या. जन्मभर दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडणारा माणूस, आज सरळ चालत सुटला. आता भ्यायचं कशाला?

वर लेकीनं कुशीतून डोकं काढलं. "आजी, आता बोलू बाबांशी?"

"श्श!" तिच्या आईनं कापत्या आवाजात मोबाईलवरचा मेसेज वाचला, "'अपघातात गेलेली माणसं त्याच दिवशी घरी येतात. हुबेहूब दिसतात. बोबडं बोलतात, भांडी आपटतात. ओ देऊ नका, आपोआप निघून जातात.' शब्दन् शब्द खरा निघाला हो, सासूबाई."

खाली करकचून ब्रेक लागला, पाठोपाठ आरडाओरडा झाला. तिनं खिडकी लावून घेतली आणि मेसेज सगळ्यांना पुढे पाठवला.