सोळावा पुशरॉड

चंद्रशेखरने व्हॉल्व्हच्या डोक्यावर निळ्या मार्करने रंग फासला, पान्याने इंजिन हातानेच दोनदा फिरवलं आणि चष्मा कपाळावर ढकलून वाकून पाहिलं. रंग पुसून उमटलेली रेघ बरोब्बर मधोमध होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

"सापडली पुशरॉडची लांबी," तो म्हणाला. डब्लिनमधल्या त्या गारठलेल्या गॅरेजात ऐकायला फक्त गिरीश होता, त्याच्याच ऑफिसातला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा.

गाडी चौसष्ट सालची, फिकट निळी. तिच्या इंजिनात सोळा पुशरॉड होते, म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे पोकळ दांडे. खालून धक्का घ्यायचा आणि वरचे व्हॉल्व्ह उघडायचे, एवढंच त्यांचं काम. पण आधीच्या मालकाने कुठल्यातरी दुसऱ्याच इंजिनाचे दांडे बसवले होते, सूतभर आखूड. त्यामुळे गाडी बारा वर्षं शिवणयंत्रासारखी टिकटिकत होती. चंद्रशेखर पेशाने मापं तपासणारा इंजिनिअर. स्वतःचं माप चुकलं, असं त्याने कधी कबूल केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तरीही ती टिकटिक त्याने चालवून घेतली. चालत्या गाडीला खीळ घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

आता ती सोसेना, ते खिडकीमुळे.

रोज संध्याकाळी तो कोपऱ्यावरून वळला की स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. ओढलेला पडदा, मागे दिवा, आणि खाली वीतभर उघडी काच. टिकटिक गल्लीत शिरली की नीलाचा हात पडद्याआडून यायचा आणि काच धाडकन खाली. बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही. मुलगा विनय घरात होता तोवर त्याचं काही वाटलं नव्हतं. विनय कॅलिफोर्नियाला कॉलेजात गेला, घरात दोघंच उरली, आणि ती खिडकी चंद्रशेखरला लागायला लागली. नीला तक्रार करणारी नव्हती. तशी बोलणारीही फारशी नव्हती. नवरा दिवसभराने घरी येतो आणि बायको त्याच्या तोंडावर खिडकी आपटते, याचा दुसरा काय अर्थ काढायचा? एक दिवस तरी ती उघडी राहावी, एवढंच त्याला हवं होतं. फार हवं होतं.

इंजिन खोलल्यावर तर हातच्या कांकणाला आरसा नको झाला. सहा आठवडे गिरीश त्याला आपल्या नव्या, गुपचूप चालणाऱ्या गाडीतून घरी सोडत होता. त्या सहा आठवड्यांत खिडकी एकदाही आपटली नाही. चहा मात्र रोज उशिरा मिळे. एरवी बूट काढून आत येईपर्यंत वाफाळता कप टेबलावर असायचा. आता तो आत आल्यावर नीला उठायची. गॅरेजातल्या पसाऱ्याचा राग असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. तिला त्याने सांगितलं होतं ते एवढंच, की गाडीचं काम काढलंय.

बरोबर मापाचे सोळा दांडे आले, बसले. सोमवारी सकाळी नीला अंघोळीला असतानाच तो गाडी घेऊन निघाला. दिवसभर ऑफिसात त्याचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यावर वळताना, बाहेर बर्फ असून, त्याने गाडीची काच खाली केली. गाडीचा हूं की चूं नाही. खिडकी उघडी होती. तो दारापाशी पोचला तरी उघडीच. चंद्रशेखर गाडीत बसून एकटाच हसला.

आत नीला शाल गुंडाळून टेबलाशी तांदूळ निवडत होती, खिडकीला पाठ लावून. वाऱ्याने पडदा हलत होता. तिने दचकून वर पाहिलं.

"आलात? गाडी बंद पडली का वाटेत? गिरीशनी सोडलं?"

"आपल्याच गाडीने आलो. आवाज गेला तिचा. कायमचा."

आता ती हसेल, असं त्याला वाटलं. ती ताटातल्या तांदळातून बोट फिरवत राहिली.

"मग मला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"तुम्ही आल्याचं. वळलात की ऐकू येतं, म्हणून तर उघडी ठेवते खिडकी. आवाज आला की लावून घेते आणि चहाचं आधण ठेवते. हे सहा आठवडे नुसती कान देऊन बसायचे मी." ती उठली, काच खाली ओढली. तिची बोटं थंडीने लाल झाली होती. "असू दे. गाडी चांगली झाली ना?"

खिडकी बंद होते, हे त्याने बारा वर्षं मोजलं होतं. भर जानेवारीत ती उघडी का असते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी गिरीश मुद्दाम इंजिन ऐकायला आला. पाहतो तर बॉनेट वर, नव्यातला एक दांडा बाहेर, आणि चंद्रशेखरच्या हातात भंगाराच्या खोक्यातला जुना.

"अरे यार, हा तर आखूड आहे. परत टिकटिक करेल. तूच मेझर केलंस ना?"

"मोजण्यात चूक झाली होती माझी," चंद्रशेखर म्हणाला आणि सोळावा दांडा त्याने नीट जागेवर बसवला.

सोमवारी संध्याकाळी गाडी टिकटिकत कोपऱ्यावरून वळली. पडद्याआडून हात आला आणि काच धाडकन खाली आली. उरलेली गल्ली चंद्रशेखरने अगदी सावकाश पार केली. आधणाला तेवढा वेळ द्यायला हवा होता.