हातावरचं दही

सकाळी सहा वाजता के. आर. पुरमच्या घरात महानंदाबाईंना त्यांच्या मुलाचा, श्रीरंगचा, अलास्काहून व्हिडिओ कॉल आला. बंदरापर्यंत रेल्वेने येऊन तो हिमनद्या पाहायला बोटीत बसला होता.

“आई, निघताना अजून दही देतेस होय? परीक्षेला चाललोय का मी?”

त्याच्या तळहातावर चमचाभर दही होतं.

“कुणी दिलं रे?”

“तूच की, आत्ता. बोटं किती गार झालीत तुझी!”

“मी घरात आहे, बाळा. खाऊ नकोस ते.”

श्रीरंग हसला, पण फोनकडे न बघता, शेजारच्या सीटकडे बघून. मग त्याने दही चाटलं.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

दुपारी बोटीच्या कंपनीने कळवलं, सगळे प्रवासी सुखरूप परतले. श्रीरंग आईचा हात धरून उतरला.