वीतभर कमी

"काकानू, हो पट्टो बायलमाणसाच्या मापाचो झालो मा!" शेजारचा सगुण हसत म्हणाला. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि छर्रे ठेवायची चामड्याची पिशवी त्याच्या काखेतच अडकली होती.

अशा पिशव्या मी हौसेने शिवतो. पट्ट्याचं माप बायकोच्या खांद्यावर घ्यायचो, मग पुरुषासाठी वीतभर वाढवायचो. "माका काय शिकारीक जावचा हा?" ती कुरकुरायची, पण उभी राहायची. ती गेल्यानंतरची ही पहिली पिशवी. तिचं माप हाताला पाठ होतं. वीत वाढवायची राहिली.

"उसवून दुसरो पट्टो लावा. डुकरां भात नासतत, माका आजच व्हयी."

मी सुरी टाक्याला लावली, पण हात चालेना. शेवटी खुंटीवरची माझी पिशवी काढून त्याला दिली.

"आणि ही?"

"ही ऱ्हवांदे."