सातवा रकाना

"सातवा रकाना कोराच आहे, काकू," असं म्हणत कारकुनानं अर्ज खिडकीतून परत सरकवला. "धडक देणाऱ्या गाडीचा नंबरच नाही, तर दावा लावायचा कोणावर?"

"आठवेल त्यांना. थोडा वेळ द्या."

"मी देईन हो, कायदा देत नाही. अपघाताला आज दोन वर्षं पुरी. पाचला खिडकी बंद झाली की मुदत संपली."

सव्वाचार वाजले होते. ती बाकाकडे वळली. नवरा भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात त्यानं मांडीवर उताणा टाकला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. शेजारी बसून लेक त्याची बोटं एकेक करून चोळत होती.

याच हातानं त्यानं पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. मोहरीपेक्षा बारीक स्क्रू तो गप्पा मारता मारता बसवायचा.

तो ज्या टॅक्सीत होता तिला मागून बसलेला धक्का तसा किरकोळच होता. बंपरला पोचा आला, एवढंच. टॅक्सीवाला खाली उतरेपर्यंत ती गाडी मागे सरकून गल्लीत पसार झाली. "मला काही झालं नाही," म्हणत नवरा घरी आला आणि जेवायला बसला. पंधरा दिवसांनी चिमटा बोटांतून गळायला लागला. मानेतली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करा, जितका उशीर तितका हात जाईल. वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं. भरपाई मिळाल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती.

तिनं पदर खोचला. पोलीस, दवाखाना, वकील करता करता चपलांचे दोन जोड झिजले. टॅक्सीवाल्यालाही तिनं हुडकून काढलं, पण त्यानं नंबर पाहिलाच नव्हता. मागच्या सीटवरून मान वळवून बघितलं होतं ते एकट्या नवऱ्यानं, आणि त्याचं पालुपद एकच, "आठवत नाही."

आधार होता तो लेकीचा. अर्ज तिनेच भरले. दर रविवारी दोन बस बदलून ती मालिश करायला यायची. स्वतःची गाडी तिनं विकून टाकली होती. "बाबांचं असं झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावावासा वाटत नाही," म्हणाली होती. पोटी यावं तर असं लेकरू, असं आई शेजारणींना सांगायची.

"अहो, एक तरी आकडा आठवा," ती नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली. "शेवटचा असेल तरी चालेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या घड्याळाचा मेक सांगता तुम्ही, आणि हे आठवत नाही?"

"नाही आठवत."

"बाबा," लेक खालच्या आवाजात म्हणाली, "खरंच काहीच आठवत नाही?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "नाही, बाळा."

पाऊण तास कधी ती चिडली, कधी तिनं विनवण्या केल्या, शेवटी ती डोळ्याला पदर लावून बाकावर बसली. पाचला कारकून उठला.

"थांबा," नवऱ्यानं हाक मारली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच आपण होऊन बोलला होता. "संपली का मुदत? आता कुणावर काहीच लावता येणार नाही?"

"कुणावरच नाही, काका. आमच्या साहेबांनासुद्धा आता काही करता येत नाही."

खिडकी बंद झाली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. नवऱ्यानं लांब श्वास सोडला.

"सत्तेचाळीस बारा," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीचा नंबर."

तिला आधी काही कळेना. मग ती खिडकीकडे धावली आणि दोन्ही हातांनी ती बडवू लागली. आतून कुणी ओ दिली नाही.

"आत्ता आठवला? अहो, हात गेला ना तुमचा!" ती ओरडली आणि लेकीकडे वळली. "लिही गं, आधी लिहून ठेव! उद्या वकिलांचे पाय धरू."

लेकीनं पर्समधून काढलेलं पेन हातात तसंच होतं.

"अगं, लिही ना!"

"लिहायला कशाला हवा, आई?" लेक म्हणाली. "माझ्याच गाडीचा आहे तो."