डावखुऱ्याचा अंगठा

"अंगठा पुसला की लांब फेक. नाही पुसला की जवळची," सर म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "चारशे बारा फेकी नोंदल्या आहेत. अपवाद नऊ. त्यातही सहा वेळा वारा होता."

कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिले. सर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात महाविद्यालयाच्या फ्रिसबी संघाला. दोन्हीकडे त्यांचा नियम एकच होता: मोजल्याशिवाय बोलायचे नाही.

डावखुरा म्हणजे समोरच्या महाविद्यालयाच्या संघाचा कणा. गेली दोन वर्षे अंतिम सामना त्याच्या एकट्याच्या हाताने फिरवला होता. यंदा तिसऱ्यांदा हरलात तर सकाळचे मैदान हॉकीवाल्यांना देऊ, असे प्राचार्यांनी लेखी कळवले होते. मैदान गेले की संघ गेला, हे समजायला भौतिकशास्त्राची गरज नव्हती.

"पण सर," कप्तानाने विचारले, "त्यांचा सराव तर सकाळी असतो. तुमच्या वहीतल्या सगळ्या वेळा संध्याकाळच्या आहेत."

"सराव वेगळा, सवय वेगळी. माणूस एकटाच कधी जवळच्या झाडावर, कधी लांबच्या कुंपणावर नेम धरत असतो ना, तेव्हा सवय दिसते. अट एकच. निरीक्षक दिसता कामा नये."

"म्हणजे त्याच झाडावर चढून बसता की काय, सर?" शिडी म्हणाला. संघातल्या सर्वांत उंच पोराला सगळे शिडीच म्हणत. खोलीभर हशा पिकला. सरही हसले.

"आणि तो मुद्दाम फसवत असला तर?" कप्तानाने धोशा सोडला नाही.

"तो पोरगा खोटं बोलत नाही. बोलायला गेलाच तर कान लाल होतात त्याचे. हवं तर लेखी देतो." सरांनी चष्मा पुसला. "मात्र ही खूण एकदाच वापरायची. अगदी शेवटच्या गुणाला. आधी वापरलीत तर तो सावध होईल आणि माझे तीन महिने पाण्यात जातील."

सकाळी घरून निघताना बायकोने त्यांच्या हाती पाण्याची बाटली दिली होती. 'जिंकून या' असे ती म्हणाली नव्हती. "कुणी हातपाय मोडून घेऊ नका," एवढेच म्हणाली होती. तिला खेळातले काही कळत नाही, हे सरांचे जुने अनुमान होते.

सामना सुरू झाला. सात विरुद्ध सात. हातात तबकडी असताना पळायचे नाही, दहा आकडे मोजून व्हायच्या आत ती फेकायची, आणि टोकाच्या पट्टीत आपल्या गड्याने झेलली की एक गुण. पंधरा गुण आधी करील तो जिंकला. या खेळात पंच नसतो. चूक ज्याची, त्यानेच ती सांगायची असते.

सर मैदानाच्या कडेला उभे राहून मोजत होते. डावखुऱ्याच्या लांब फेकी अकरा, अंगठा चड्डीला पुसला अकरा वेळा. जवळच्या एकाही फेकीआधी नाही. इतके स्वच्छ निकाल प्रयोगशाळेतही मिळत नाहीत, असे त्यांच्या मनात येऊन गेले.

समोरचा संघ चौदा, आपला तेरा. तेवढ्यात डावखुऱ्याने पट्टीच्या कोपऱ्यात झेप घेऊन तबकडी झेलली. त्याच्या संघाने जल्लोष केला. सामना संपला होता.

"नाही," डावखुरा उठत म्हणाला. "पाय रेषेबाहेर होता माझा."

"अरे, कुणी पाहिलं तरी का?" त्याचा एक गडी ओरडला.

"मी पाहिलं ना."

"बघितलंत?" सर अभिमानाने म्हणाले. अभिमान कशाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. कप्तानाने तबकडी उचलली, चार फेकींत ती पलीकडच्या पट्टीत पोहोचली आणि चौदा-चौदा झाले.

शेवटचा गुण. चढाई समोरच्यांची. पट्टी पंधरा पावलांवर असताना तबकडी डावखुऱ्याच्या हाती आली. कप्तान त्याच्यासमोर हात पसरून मोठ्याने मोजू लागला. एक, दोन, तीन. सहाव्या आकड्याला डावखुऱ्याने अंगठा चड्डीला पुसला.

शिडीने तो पाहिला. पट्टीच्या जवळच्या कोपऱ्यात ज्याला तो अडवत होता तो गडी सोडून तो लांबच्या कोपऱ्याकडे सुसाट सुटला. सरांनी मूठ आवळली.

तबकडी जवळच्या कोपऱ्यात गेली. मोकळ्या पडलेल्या गड्याने ती टेबलावरची बशी उचलावी तशी अलगद उचलली. पंधरा-चौदा.

"मैदान गेलं, सर," हस्तांदोलने आटोपल्यावर कप्तान म्हणाला.

"प्राचार्यांशी मी बोलतो. दोन वर्षं पाच-पाच गुणांनी हरलो, यंदा एकाने. आलेख चढता आहे." सरांनी वही उघडून शेवटची नोंद केली. "अपवाद दहा. पद्धत चुकीची ठरत नाही याने."

मग ते गाडीत जाऊन बसले. लगेच निघाले मात्र नाहीत. काचा खाली करून त्यांनी उरलेले पाणी प्यायले आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला घेतली.

मागचे दार उघडले आणि चिखलाने माखलेली पिशवी आत पडली. मग पुढचे दार उघडून डावखुरा त्यांच्या शेजारी बसला आणि पट्टा लावता लावता म्हणाला, "बाबा, तीन महिने अंगणात अंगठा पुसून पुसून कातडं गेलं माझं. आणि पडद्याआड तुमचं लिहून होईपर्यंत आई मला घरात घ्यायची नाही."