पोटातलं ओठांवर
बाबांच्या पोटातली जुनी जळजळ जंतूंमुळे आहे का, ते श्वासावरून कळणार होतं. "फुंका, काका. पोटात दडलेलं सगळं पिशवीत येतं," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. बाबांनी एक पिशवी फुगवली, औषध घेतलं. दुसऱ्या पिशवीआधी अर्धा तास थांबायचं होतं. जन्मभर सगळं पोटात ठेवणारा माणूस रिकाम्या पिशवीकडे पोलिसाकडे बघावं तसा बघत होता. "मशीनने सांगण्याआधी मीच सांगतो," ते म्हणाले. "चित्रकलेच्या कॉलेजात तुला प्रवेश मिळाला होता. पत्र मी फाडलं." मी नऊ वर्षं विम्याचे अर्ज तपासतोय. "बोलू नका, हवा वाया जाईल," एवढंच मला सुचलं. त्यांनी दुसरी पिशवी डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुगवली. "जंतू नाहीत," बाईंनी निकाल सांगितला. "अरेच्चा, मग उगाच बोललो की!" बाबा हळहळले. मी बाईंकडे माझ्यासाठी एक मोठी पिशवी मागितली.