विमानाची खंडेनवमी

विमान निम्म्या धावपट्टीपर्यंत गेलं, मागचं गवत आडवं झालं, आणि आता उचलणार एवढ्यात त्याचा जोर ओसरला. ब्रेक लागले. विमान थांबलं, वळलं आणि शेडकडे परत येऊ लागलं.

शेडच्या दारात उभा असलेला सयाजी दोन पावलं पुढे आला. फौजेतून आल्यावर माणसं गावात दुकान टाकतात, फार तर ट्रक घेतात. या माणदेशी गड्यानं विमान कंपनी काढली होती. ‘माणगंगा एअरवेज’ म्हणजे हे एकच विमान आणि नऊ सीटा. माणसं भरून गावोगाव धावणाऱ्या वडाप जीपवरून सांगलीकर तिला ‘हवेतलं वडाप’ म्हणायचे. धुक्यानं फेऱ्या रद्द झाल्या, पावसानं झाल्या, एकदा तर धावपट्टीवर मेंढरं बसली म्हणून झाली. दोन पायलट मोठ्या कंपन्यांनी पळवले. तरी गडी हटला नाही. आज कित्येक दिवसांनी मुंबईची फेरी भरली होती आणि हळदीच्या पेठेतले धन्यकुमार पहिल्यांदाच आत बसले होते. त्यांनी एकदा नाक मुरडलं की त्या वस्तूकडे पेठेत कुणी फिरकत नसे.

दार उघडून कॅप्टन शिवांजली खाली उतरली. मेढ्याच्या डोंगरातली ही पोर, कामापुरतं बोलणारी. ती सरळ पंखाखाली वाकली, तिथल्या बोटभर नळीच्या तोंडाशी तिनं करंगळी लावली आणि ती सयाजीसमोर धरली. करंगळी पिवळी झाली होती.

“काका, वेगाचा काटा हललाच नाही. वारा या नळीतून आत गेला तरच वेग कळतो. ही बुजलीय. पलीकडची पण.”

सयाजीला लख्ख उलगडलं. सकाळी विमानाची खंडेनवमीची पूजा झाली होती. झेंडूचे हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. शिवांजली विमानाभोवती फिरून तपासणी करून आत गेली, आणि मग त्याची आई हरणाबाई हळदीकुंकू लावत फिरली. ताट सयाजीनंच धरलं होतं.

“मला शिंगं वाटली रं ती,” हरणाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली. “बैलाला लावतो तशी लावली. जरा दाबून लावली.”

एव्हाना प्रवासी उतरून शेडपाशी आले होते. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी कपाळाला आठ्या घालून सयाजीकडे. सगळ्यांच्या पुढे धन्यकुमार.

“काय झालं, सयाजीराव? सांगा लवकर. आमच्या पोराला, भरतेशला, गाडी घेऊन बोलवायला बरं.”

‘तांत्रिक बिघाड’ हे शब्द सयाजीच्या ओठावर आले होते. सगळ्या कंपन्या तेच म्हणतात आणि पुढे कुणी काही विचारत नाही. खरं सांगितलं तर धन्यकुमार जाणार, त्यांच्या मागोमाग बाकीचे आठ जाणार, आणि संध्याकाळपर्यंत पेठेत हसू होणार. त्यानंतर या विमानात कोण बसणार होतं? त्यानं शिवांजलीकडे पाहिलं. तिची पिवळी करंगळी अजून तशीच पुढे होती.

“बिघाड न्हाई, आण्णा,” सयाजी म्हणाला. “चूक हाय, आन् ती आमची हाय. पूजेची हळद नळीत गेली. ताट माझ्याच हातात हुतं, मला कळाय पायजे हुतं. आमच्या कॅप्टननं वेळंत वळखलं. आता लालासाहेब इंजिनियर नळ्या साफ करतील, काटा तपासतील, आन् मग ही पोरगी हो म्हणली तरच इमान उडंल. दुपार हुईल. ज्यास्नी घाई हाय त्यांनी खुशाल जावा.”

“म्हंजे इमानालाबी हळद लागली म्हणायची!” मागून कुणीतरी बोललं. दोघेतिघे हसले. हरणाबाई कोपऱ्यातल्या बाकड्यावर जाऊन बसली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

धन्यकुमार हसले नाहीत. त्यांनी शिवांजलीला विचारलं, “पोरी, तशीच उडवली असतीस तर?”

“आभाळ स्वच्छ आहे. कदाचित पोचलो असतो.”

“मग?”

“कदाचितवर मी कुणाला घेऊन जात नाही.”

एवढं बोलून ती परत पंखाखाली गेली. लालासाहेबांनी बॅटरी धरली आणि ती त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसली. सयाजीला तिचा फार अभिमान वाटला. असली माणसं आपल्याकडे टिकायची कशी, आणि उद्या कंपनीच नसली तर ही जायची कुठं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

धन्यकुमारांनी फोन लावला. त्यांचा मुलगा बोलतोय हे ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

“गाडी नको, भरतेश,” धन्यकुमार म्हणाले. “दुपारी निघतोय.”

पलीकडून भरतेश काहीतरी हसत बोलला.

“न्हाई रं, बंद पडलं न्हाई. पोरीनं थांबवलंय,” असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. मग कोपऱ्यातल्या बाकड्यापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलेल्या हरणाबाईला ते म्हणाले, “आक्का, जरा सरका. मला बी बसू द्या.”